मागच्या दाराने चढा

आमच्या वाचनालयात सगळ्यात जास्त भांडण होतं ते वर्तमानपत्राच्या मधल्या पानावरून. ते भांडण एका दिवसात मिटवणारा माणूस मी एकच पाहिला, आणि तो बस कंडक्टर होता. निवृत्त झाल्यावर आठवड्याभरात ते आले, दारात उभे राहून त्यांनी सगळा हॉल एकदा नजरेखालून घातला, आणि मधल्या पानावर झटापट करणाऱ्या दोन आजोबांना म्हणाले, "भांडू नका. ज्याला आधी उतरायचंय त्याने आधी वाचा." दोघेही निमूट झाले. अठरा वर्षं मी 'शांतता राखा' अशी पाटी लावून बसले होते, तिचा एवढा उपयोग कधी झाला नव्हता.

मी इथली ग्रंथपाल. माझं डोकं लवकर तापतं, हे आधीच सांगून टाकते. म्हणजे पुढे कोणाला नवल वाटायला नको.

कंडक्टरांनी त्या दिवशी पुस्तक मागितलं तेही अजब. "चित्रं पुष्कळ हवीत. आणि गोष्ट लांब हवी. एका दिवसात टर्मिनस येता कामा नये."

असं माझ्याकडे एकच होतं. परदेशी निघालेल्या एक बाई घर आवरताना तीन खोकी देऊन गेल्या होत्या. त्यात मांगा, म्हणजे जपानी चित्रकथा. त्याच चित्रकथा पडद्यावर हलू-बोलू लागल्या की त्यांना ॲनिमे म्हणतात, हे मला त्या बाईंनी तीनदा समजावलं आणि मी तीनदा विसरले. खरं सांगायचं तर मलाही ती पोराटोरांची पुस्तकं वाटली होती, म्हणून मी ती पाण्याच्या कूलरशेजारच्या कपाटात कोंबली होती. त्यात एक चौतीस भागांची मालिका होती. एक मुलगी नाव चालवते. प्रत्येक भागात कोणीतरी नवा उतारू तिच्या नावेतून नदी पार करतो, आपली कर्मकहाणी सांगतो आणि उतरून जातो. मुलगी मात्र पलीकडच्या काठावर कधीच पाय ठेवत नाही. एवढीच गोष्ट.

दुसऱ्या दिवशी कंडक्टर पहिला भाग घेऊन परत आले ते तणतणतच. "बाई, ही गाडी रिव्हर्समध्ये चाललीये! माणूस आधी उतरतो, मग रडतो, मग चढतो!"

मी पुस्तक उघडलं तर पहिल्याच पानावर मोठ्या अक्षरांत छापलेलं: 'थांबा! हे पुस्तकाचं शेवटचं पान आहे. दुसऱ्या बाजूने उघडा आणि उजवीकडून डावीकडे वाचा.' हे पान ओलांडून त्यांनी अख्खा भाग उलटा वाचला होता. मी ते पान त्यांच्यापुढे धरलं. त्यांनी ते सावकाश वाचलं, आणि चेहरा एकदम उजळला.

"अहो, मग सरळ सांगा ना! मागच्या दाराने चढायचं, पुढच्या दाराने उतरायचं. सूचना लिहिलेली असताना पुढच्या दाराने घुसणारे आम्हीच!"

त्यानंतर आठवड्याला तीन, या हिशेबाने ते भाग नेऊ लागले. परत करायच्या आधी कूलरजवळच्या बाकावर बसून ते प्रत्येक पानावर बोट फिरवायचे आणि ओठांतल्या ओठांत काहीतरी पुटपुटायचे. वाचन झालेलं असताना ही उजळणी कसली, ते मला कळेना. एकदा मी विचारलंच.

आधी त्यांनी इकडेतिकडे पाहिलं. मग म्हणाले, "मंडळींना सांगायचं असतं. काही सुटायला नको, म्हणून आदल्या दिवशी सांगितलेलं तपासतो."

त्यांच्या बायकोची नजर काचबिंदूने गेली होती. दोन वर्षं झाली. तेव्हापासून त्यांनी घराचा उंबरा ओलांडला नव्हता. आधी बोलणं कमी झालं, मग खिडकीपाशी बसणंही. कंडक्टरांनी कादंबऱ्या वाचून दाखवल्या तर म्हणाल्या, शब्द नुसते कानावरून जातात. मग कधीतरी कंडक्टरांनी त्यांना बसमध्ये दिसलेली माणसं वर्णन करून सांगितली, कोणाच्या नाकावर तीळ होता, कोणाची पिशवी फाटली होती, आणि दोन वर्षांत पहिल्यांदा त्यांनी विचारलं, "मग?" त्या एका 'मग'साठी हा माणूस चित्रांचं पुस्तक शोधत आला होता. आता रोज संध्याकाळी तो बायकोला एकेक चौकट सांगायचा. नदीचं पाणी कसं काढलंय, मुलीच्या बाहीला ठिगळ कुठे आहे, उतारूच्या कपाळावर किती आठ्या आहेत.

"पण हे कोणाला सांगू नका हं, बाई," ते म्हणाले. "तिने बजावलंय. लोकांनी 'अरेरे' म्हटलेलं तिला आवडत नाही."

मी कोणाला सांगितलं नाही. आज सांगतेय ते त्यांनीच परवानगी दिली म्हणून. खोटं कशाला बोलू, त्या दिवशी मी कूलरमागे जाऊन डोळे पुसले आणि संध्याकाळी पहिला भाग स्वतःच्या नावावर घरी नेला.

तेहतीस भाग झाले. तेहतिसाव्याच्या शेवटी नाव ऐन मध्यात धुक्यात अडकलेली. शेवटचा चौतिसावा तेवढा राहिला होता. कंडक्टर म्हणाले, "उद्या नेतो. आज तिला जरा धुक्यात राहू दे, मजा येते."

आणि नेमका त्याच दिवशी दुपारी माईकवाला आला.

बातम्यांच्या वाहिनीचा हा तरुण वार्ताहर भलताच घाईत होता. विषय आधीच ठरलेला: ॲनिमे आणि मांगा यांनी बिघडवलेली तरुण पिढी. फक्त बिघडलेला तरुण तेवढा मिळायचा होता. मी म्हटलं, "आमच्याकडे तरुण येतात ते परीक्षेची पुस्तकं घेऊन झोपायला." त्याला ते पटलं नाही. त्याने कपाटातून बारावा भाग काढला, आपल्या सवयीच्या बाजूने उघडला, एका पानाचे फोटो घेतले आणि विचारलं, "ही पुस्तकं सगळ्यात जास्त कोण नेतं?"

"वाचकाची नोंद मी कोणाला दाखवत नाही," मी म्हटलं.

पण आमचे अध्यक्ष शेजारीच उभे होते. त्यांना सगळे मागे 'ठराव' म्हणतात, कारण खिडकी उघडायची तरी ते ठराव मांडतात. कॅमेरा पाहून ठरावांना असा चेव आला की त्यांनी नोंदवहीच पुढे सरकवली. माईकवाल्याने नाव वाचायची तसदी घेतली नाही. वाचक क्रमांक ४१२, अकरा आठवड्यांत तेहतीस पुस्तकं, एवढं त्याला पुरलं. त्याचे डोळे चकाकले.

संध्याकाळच्या बातम्या मी घरी पाहिल्या. आधी ढोल वाजले. मग पडद्यावर लाल अक्षरं आली: 'चित्रांचा विळखा! तुमचं मूल काय वाचतंय?' मग कुठल्याशा भलत्याच ॲनिमेतले स्फोट दाखवले. एकामागून एक सात स्फोट; आमच्या नाववाल्या मुलीच्या चौतीस भागांत चूल सोडून काही पेटत नाही. निवेदिका कधी मांगा म्हणे, कधी ॲनिमे, कधी कार्टून, आणि एकदा तर नुसतंच 'हा प्रकार'. मग आलं बाराव्या भागातलं पान. त्यावर लाल गोल आणि बाण. निवेदिका म्हणाली, "पाहा! ही मुलगी आधी एका वृद्धाच्या अंगावरची घोंगडी काढून घेते. मग त्याला ओढत काठाकडे नेते. मग त्याचा हात सोडते. आणि शेवटच्या चित्रात वृद्ध गटांगळ्या खातोय!"

मी खुर्चीतून उठलेच. तो म्हातारा नदीत पडतो, मुलगी त्याला हात देते, ओढून वर काढते आणि स्वतःची घोंगडी त्याच्या अंगावर घालते. या बाईने पान डावीकडून वाचलं होतं. वाचवणारीला खुनी करून ठेवलं! आणि एवढ्यावर थांबली नाही, ते 'थांबा!' लिहिलेलं पानही दाखवलं. "सुरुवातीलाच असा गूढ इशारा! हा इशारा कोणासाठी आहे?"

"तुझ्यासाठी, बाई, तुझ्यासाठी!" मी टीव्हीवर ओरडले. टीव्हीला कान नसतात हे माहीत असून.

शेवटी पडद्यावर टोपीने चेहरा झाकलेल्या पोराची काळी सावली आली. 'वाचक क्रमांक ४१२. कोण आहे हा मुलगा?'

दुसऱ्या दिवशी सकाळी तो मुलगा वाचनालय उघडायच्या आधीच दारात उभा. वय वर्षं अठ्ठावन्न, हातात छत्री. "बाई, टीव्हीवरची ती सावली म्हणजे मी. मंडळी हसून हसून पडायची राहिली. द्या आता चौतिसावा."

पण साप साप म्हणून भुई धोपटण्यात आमचे ठराव सगळ्यांच्या पुढे. रात्रीतून त्यांना समाजाची काळजी वाटली होती, आणि सकाळी मी यायच्या आत कपाटाला कुलूप ठोकून किल्ली ते घरी घेऊन गेले होते. कपाटावर कागद: 'पुढील ठरावापर्यंत बंद.' काचेतून चौतिसावा भाग दिसत होता. पाठीवरचा आकडासुद्धा वाचता येत होता.

कंडक्टर काचेसमोर उभे राहिले. त्यांचा चेहरा मला पाहवेना. "मी तिला काय सांगू?" ते म्हणाले. "आज आणतो म्हणालोय. ती सकाळपासून दोनदा विचारून झालीये, की धुकं किती दिवस राहतं."

मी ठरावांकडे तीनदा गेले. भांडले. "बाई, नियम म्हणजे नियम," ते म्हणाले. असा कुठला नियमच नव्हता. कुलूप फोडायचंही डोक्यात आलं. पण अठरा वर्षांची नोकरी, आणि हिंमत झाली नाही. त्याची मला अजून लाज वाटते.

चौथ्या दिवशी कंडक्टर माझ्या टेबलाशी येऊन खालच्या आवाजात म्हणाले, "बाई, मी घोटाळा करून बसलोय. मी रोज तिला चौतिसावा भाग वाचून दाखवतोय."

"कुठला चौतिसावा?"

त्यांनी पिशवीतून बसचं जुनं वेळापत्रक काढलं. तसंच चौकोनी, तेवढंच जाड. "हे हातात धरतो. मधूनमधून पान उलटतो. बाकी मनाने ठोकून देतो. म्हटलं, एक-दोन दिवसांचा प्रश्न आहे. आता नावेत सव्वीस माणसं झाली. उभे वेगळे."

मला हसू आवरेना. पण काय सांगू, मग मलाही नाद लागला. रोज ते आले की मी परत आलेल्या पुस्तकांवरचा शिक्का बाजूला ठेवून विचारायची, "काल काय झालं?" एकदा नावेत मोकळं सोडलेल्या कुत्र्यावरून भांडण झालं. एकदा एक बाई पिशवी विसरून उतरली आणि मुलीने ती पिशवी जपून ठेवली. आठव्या दिवशी ते जरा ओशाळून म्हणाले, "काल तिला उतरवली."

"कोणाला?"

"मुलीला. पलीकडच्या काठावर." त्यांनी खाली पाहिलं. "बत्तीस वर्षं मी लोकांना उतरवत आलो, बाई. कुठलं गाव असो, मी उतरायचो ते फक्त स्टँडवर कागदावर सही घ्यायला. म्हटलं, ही तरी उतरू दे. चुकलंच माझं. आता खरा भाग मिळाला आणि त्यात निराळंच असलं, तर मी फसवलं म्हणेल ती. परत कधी 'मग?' म्हणायची नाही."

दहाव्या दिवशी त्यांनी छत्री घेतली, बस पकडली आणि ते थेट वाहिनीच्या कचेरीत गेले. दारावरच्या माणसाला म्हणाले, "तुम्ही शोधताय तो ४१२ मी." त्यांना वाटलं होतं, चूक सांगायची, दुरुस्ती करून घ्यायची आणि परतायचं. वाहिनीने त्यांना पावडर लावून चर्चेला बसवलं.

मी वाचनालयातला टीव्ही लावला. मधल्या पानासाठी भांडणारे दोन्ही आजोबा खुर्च्या ओढून बसले. ठरावही आले. पडद्यावर चार चौकटी. एकीत निवेदिका, दोहोंत दोन तज्ज्ञ, चौथीत कंडक्टर. दोन्ही तज्ज्ञ एकाच वेळी बोलत होते आणि निवेदिका दोघांच्या वर. एका तज्ज्ञाने तर कार्यक्रमात कबूलच केलं की त्याने असं पुस्तक हातात धरलेलं नाही, आणि म्हणूनच तो निःपक्षपाती आहे.

कंडक्टरांनी थोडा वेळ पाहिलं. मग बत्तीस वर्षांचा आवाज काढला. "एकेकाने! दारात गर्दी करू नका! तुम्ही जाकीटवाले, तुम्ही थांबा. बाई, तुम्ही ते बाराव्या भागातलं पान लावा."

पान लागलं.

"आता उजवीकडून वाचा. मोठ्याने."

"पण चित्रं तर प्रेक्षकांसमोरच आहेत—"

"चित्रं बरोबर आहेत. तुम्ही पुढच्या दाराने चढलात. मागच्या दाराने चढा."

निवेदिका वाचू लागली. "म्हातारा पाण्यात पडलाय... मुलगी हात देते... ओढून काठावर आणते... आणि..." ती थांबली. स्टुडिओत कोणीतरी खोकलं.

"आणि?" कंडक्टर म्हणाले.

"त्याला घोंगडी पांघरवते," निवेदिका म्हणाली. मग तिने पटकन स्वतःला सावरलं. "पण एवढी तेहतीस पुस्तकं तुम्ही वाचता तरी कशासाठी?"

खरं कारण मला माहीत होतं. सांगितलं असतं, तर सगळा देश हळहळला असता, उद्याच कुलूप निघालं असतं. कंडक्टरांनी क्षणभर विचार केला. "पुढचा स्टॉप कुठला ते कळायला," ते म्हणाले, आणि निवेदिकेने जाहिराती लावल्या.

मला वाटलं, आता हे लोक चूक कबूल करतील. अजूनही मी किती भोळी आहे पाहा! दुसऱ्या दिवशी सकाळी त्याच वाहिनीवर तुणतुण वाजणारं संगीत, आणि गुलाबी अक्षरं: 'कार्टून-आजोबा! म्हातारपणी परतलं बालपण!' कंडक्टरांच्या फोटोला मांजराचे कान चिकटवलेले. आदल्या आठवड्यात भयंकर, आता गोंडस. पुस्तक मात्र अजून कोणी उघडलं नव्हतं. बाराव्या भागाच्या पानाबद्दल अवाक्षर नाही.

ठराव मात्र विरघळले. वाहिनीवर आपलं वाचनालय दिसलं होतं! त्यांनी हसतमुखाने कुलूप काढलं, आणि लगेच नवा ठराव केला: 'सुप्रसिद्ध मालिकेचा अंतिम भाग वाचनालयाची शान असल्याने तो बाहेर नेता येणार नाही. इथेच बसून वाचावा.' म्हणजे आगीतून उठून फुफाट्यात. मी त्यांना जे बोलले ते इथे लिहीत नाही.

कंडक्टरांनी ऐकून घेतलं. भागाला हातही लावला नाही. "इथे वाचून घरी मनाने सांगायचं म्हणजे परत ते वेळापत्रकच. घरी जाऊन खरं काय ते सांगून टाकतो," म्हणाले, आणि पडलेल्या चेहऱ्याने गेले. मला वाटलं, संपलं.

तिसऱ्या दिवशी दुपारी आमच्या दारासमोरच्या थांब्यावर बस लागली. पुढच्या दारातून आधी छत्री आली, मग कंडक्टर, आणि मग त्यांनी दिलेला हात घट्ट धरून, पायाने पायरी चाचपत, एक ठेंगणी बाई उतरली. शेवटच्या पायरीवर ती थांबली. कंडक्टरांनी हात ओढला नाही. ड्रायव्हरने हॉर्न वाजवला नाही. मग तिने पाय खाली टाकला.

कूलरजवळच्या बाकावर दोघं बसली. मी चौतिसावा भाग काढून दिला. हॉलमधली सगळी वर्तमानपत्रं खाली आली. ठराव तर उभेच राहिले. कंडक्टर चौकटीमागून चौकट सांगत गेले. धुकं. वल्ह्यावरून ठिबकणारं पाणी. एक म्हातारी उतारू. काठ जवळ येतो. म्हातारी उतरते. शेवटचं पान उलटल्यावर त्यांचं बोट थांबलं. मी त्यांच्या खांद्यावरून पाहिलं. मुलगी नावेतच होती. तिने नाव वळवली होती.

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. खोटं सांगणं किती सोपं होतं. मीही मनातून म्हणत होते, सांगा, उतरवा तिला.

"नाही उतरत," ते म्हणाले. "नाव वळवते. परत निघते."

वहिनींनी पानावरून हात फिरवला. मग म्हणाल्या, "मला वाटलंच होतं. तुमची उतरली होती."

"म्हणजे मी कबूल करायच्या आधीपासून तुला..."

"पहिल्याच दिवशी कळलं. इतके दिवस तोंड न उघडणारी पोरगी एकदम उतारूंना 'पुढे सरका, मागे जागा आहे' म्हणायला लागली." हॉलमध्ये कोणीतरी हसलं. मग त्यांनी चाचपडत कंडक्टरांचा हात शोधला. "यातली उतरली नाही तर नाही. तुमची उतरली, म्हणून तर मी आले."

कंडक्टरांनी खिशातून रुमाल काढला आणि चष्मा पुसायच्या निमित्ताने डोळ्यांशी नेला. चष्मा त्यांनी घातलेलाच नव्हता.

मी नोंदवहीत ४१२ पुढे चौतिसाव्याची नोंद केली. वहिनींनी आवाजाच्या रोखाने माझ्याकडे तोंड केलं. "बाई, अशी लांब गोष्ट अजून आहे का हो तुमच्याकडे? आणि परतीची बस किती वाजता?"

"पाच दहाला," वेळापत्रक न बघता कंडक्टर म्हणाले.